रिमफायर रायफल घ्यायची आहे : पारंपरिक लाकडी की टॅक्टिकल?

रानवाट
मंडळी, सल्ला हवा आहे. क्लबच्या .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात होऊन फुटणाऱ्या) रायफलींवर हात बऱ्यापैकी बसलाय, आता स्वतःची घ्यायची आहे. शिकार करत नाही, स्पर्धेचा विचार आत्ता तरी नाही. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जायचं, ५० मीटरवर कागदाला भोकं पाडायची, जमलं तर १०० मीटरवरच्या लोखंडी पाट्या वाजवायच्या, एवढाच छंद. परवान्याच्या दृष्टीने मला दोन्ही प्रकार चालतात.

मन दोन रायफलींत अडकलंय. एक सीझेड ४५७, अक्रोडाचा दस्ता, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची), पाच गोळ्यांचं मॅगझिन. दुसरी स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२. ही लष्करी थाटाच्या एआर-१५ च्या रूपातली, सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी), मागेपुढे सरकणारा दस्ता, वर लांबच लांब रेल (स्कोप वगैरे जोडायची पट्टी), पंचवीस गोळ्यांचं मॅगझिन. पहिली हातात घेतली की खाली ठेववत नाही. दुसरी घरात दोघांना वापरता येईल असं वाटतं, कारण बायकोही नेमबाजी करते आणि ती माझ्याहून बरीच बुटकी आहे.

दिसणं बाजूला ठेवलं तर या दोघींत खरा फरक कशाचा? अचूकता, देखभाल, वापरण्यातला आनंद, सगळ्यावर लिहा.

अक्रोड
लाकडी घ्या, डोळे मिटून.

पुंगळी
घेताना डोळे मिटा, झाडताना मात्र उघडे ठेवा :)

अक्रोड
@पुंगळी, मान्य! आता सविस्तर लिहितो.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. धक्का जवळजवळ नाहीच, आवाज कमी. त्यामुळे नेम, श्वास आणि ट्रिगर या तीन गोष्टींकडे लक्ष देण्याइतकी शांतता मिळते. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये ती शांतता टिकते. बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुंगळी बाहेर पडलेली बघायची, पुढची गोळी आत ढकलताना बोटांना ती चेंबरमध्ये बसल्याचं कळतं. दर गोळीमागे एवढं केलं की गोळी वाया घालवायला मन धजत नाही.

दुसरं म्हणजे तोल. चांगल्या लाकडी रायफलीचं वजन दोन हातांच्या मध्ये येतं. उभं राहून नेम धरला की नळी थोडी डुलते आणि मग थांबते. त्याच रायफलीला पुढे रेल, बायपॉड (दोन पायांचा टेकू), टॉर्च लावा आणि उभ्याने काही गोळ्या झाडून बघा, खांदा बोलायला लागतो.

चौकट
अक्रोड, तोलाचं पटलं, गोळ्या वाया जाण्याचं नाही पटलं. पंचवीस गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये पाचच भरता येतात. मी कागदावर झाडताना तेच करतो. किती वेगाने झाडायचं हे मॅगझिन ठरवत नाही.

माझ्याकडे १५-२२ आहे आणि मोठी सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यावर आघात होणारी) एआरही आहे. सेफ्टी अंगठ्याखाली, मॅगझिनचं बटण तर्जनीशी, दस्ता तसाच. मोठ्या रायफलीची सगळी सवय .२२ वर होते आणि खर्च कितीतरी कमी येतो. शिवाय ओळीत लावलेल्या पाच पाट्या एकामागून एक पाडण्यात जी मजा आहे ती बोल्टवर येत नाही. तीही करमणुकीची नेमबाजीच आहे, तिला कमी का लेखायचं?

आणि 'प्लास्टिकची बंदूक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : रेमिंग्टनने नायलॉनच्या दस्त्याची नायलॉन ६६ बाजारात आणली १९५९ साली. त्याच वर्षी रेमिंग्टनच्या टॉम फ्राय यांनी हवेत उडवलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी फक्त ६ चुकवले. ते या रायफलीवरच. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, प्लास्टिकला आता परंपरेत घ्यायला हरकत नाही.

शांतनेम
रानवाट, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत, म्हणून अडकायला होतंय. एक प्रश्न बोल्ट की सेमी-ऑटोमॅटिक हा. दुसरा, दस्ता आणि बाह्यरूप कसं हवं हा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही.

रुगर १०/२२ घ्या उदाहरणाला. १९६४ पासून बनतेय. तीच अ‍ॅक्शन लाकडी दस्त्यात मिळते आणि तीच घडीच्या काळ्या दस्त्यातही. बॅरल (नळी) व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, घरच्या घरी बदलता येतं. लाकडातून काढून अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसीत (सांगाड्यात) बसवली की 'टॅक्टिकल' झाली. गोळीला त्यातलं काहीच कळत नाही. उलट रुगर प्रिसिजन रिमफायर दिसायला लष्करी, पण आत साधी बोल्ट अ‍ॅक्शन.

अचूकता कुठून येते? चेंबर, बॅरल, ट्रिगर आणि त्या बॅरलला मानवणारी गोळी. बोल्ट रायफलीत चेंबर घट्ट ठेवता येतं कारण गोळी हाताने ढकलायची असते. सेमी-ऑटोत ते थोडं सैल ठेवावं लागतं, नाहीतर मेण आणि काजळी साचल्यावर काडतुसं अडकतात. म्हणून सर्वसाधारण कारखानी रायफलींत ५० मीटरवर बोल्टचा ग्रुप (एकाच नेमाने पडलेल्या भोकांचा पुंजका) लहान येतो. हे रूपामुळे नव्हे.

आणि 'पारंपरिक म्हणजे अचूक' असं मानणाऱ्यांनी ऑलिंपिकची ५० मीटर रायफल बघावी. लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, गोळीचा व्यास साधारण ५.६. ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ ला कांस्यपदक घेतलं, तीही .२२ लाँग रायफलच. त्या पातळीवर बहुतेक दस्ते अ‍ॅल्युमिनियमचे, गालाचा आधार वरखाली, मागची पट्टी सर्व दिशांना हलणारी. लाकूड नाही आणि लष्करी थाटही नाही. शरीराला बसावं एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप.

रेंजवाली
शांतनेम यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण रेंजवर सुरक्षा बघताना मला रोज हेच दिसतं.

प्रौढ पुरुषाच्या मापाने बनलेल्या रायफलीत ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण ३४-३५ सेंटिमीटर अंतर असतं. बुटकी व्यक्ती ती उचलते तेव्हा काय होतं ते नीट बघा. दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकतो. पुढचा हात पूर्ण ताणला जातो. वजन पेलायला कंबरेपासून मागे झुकावं लागतं. मान पुढे काढून डोळा स्कोपपर्यंत न्यावा लागतो, तिथे काळी कड दिसते, म्हणून गाल आणखी पुढे. हे सगळं झाल्यावर बोटाचं टोक ट्रिगरवर जेमतेम पोचतं आणि ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो. गोळ्या एका बाजूला जायला लागतात आणि बिचारीला वाटतं आपल्याला नेमच नाही. दस्ता चार सेंटिमीटरने आत घेतला की त्याच दिवशी ग्रुप आकसतो.

म्हणून रानवाट, वहिनी पण झाडणार असतील तर सरकता दस्ता हा दिखावा नाही, गरज आहे. टॅक्टिकल रायफलींचा माझ्या मते एवढाच एक निर्विवाद फायदा. बाकी रेल, खाचा, कोनाडे यांचं मला काही विशेष वाटत नाही.

रानवाट
रेंजवाली ताई, हे अगदी डोळ्यांपुढे उभं राहिलं. क्लबच्या रायफलीवर ती अशीच मागे झुकते! गालाच्या उंचीचं काय? तेही तेवढंच महत्त्वाचं?

रेंजवाली
हो. जुन्या घडणीचे दस्ते उघड्या माशीच्या (बिनदुर्बिणीच्या नेमाच्या) हिशेबाने खाली उतरलेले असतात. त्यावर स्कोप बसवला की डोळा वर न्यावा लागतो, गाल लाकडावरून सुटतो आणि हनुवटीचा टेकू घेऊन झाडणं सुरू होतं. डोळा दर वेळी वेगळ्या जागी. गालाखाली पट्टा बांधून उंची वाढवता येते, काम भागतं.

अक्रोड
अक्रोडावर पट्टा! जीव तुटतो हो. पण ताईंचं म्हणणं खरं आहे, उघड्या माशीवर झाडणार असाल तर मात्र जुन्या दस्त्यासारखं सुख नाही.

डावखुरा
डावखुऱ्यांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. उजव्या बोल्टची रायफल डाव्या खांद्यावर घेतली तर दर गोळीला हात वरून पलीकडे न्यावा लागतो. सेमी-ऑटो घेतली तर पुंगळ्या नाकासमोरून उडतात, आणि धुराचा भपका येतो तो वेगळाच. माझ्यासाठी सर्वात सुखाच्या दोन : लिव्हर अ‍ॅक्शन (ट्रिगरजवळची दांडी खालीवर करून चालणारी), आणि ब्राउनिंगची एसए-२२. ही जॉन ब्राउनिंग यांची रचना, बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९१४ पासून बनवली. पुंगळी खालून पडते, मॅगझिनची नळी दस्त्यात असते. सेमी-ऑटोमॅटिक आहे आणि दिसायला पुरेपूर पारंपरिक. शांतनेम म्हणतात तसं, आतलं यंत्र आणि बाहेरचं रूप वेगळं.

पुंगळी
खालून पडते म्हणजे गरम गरम बाहीत जाते ना?

डावखुरा
जाते. बाहीची बटणं लावून झाडायचं, बस्स.

दारूगोळा
चर्चा छान चाललीये, पण गोळीवर कोणी फारसं बोललं नाही. रिमफायरमध्ये निम्मा खेळ गोळीचा.

४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. स्टँडर्ड किंवा मॅच काडतुसात ती सेकंदाला ३२०-३३० मीटरने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटीत ३७०-३८० ने. वेगवान म्हणजे चांगली असं वाटतं, पण ती जाता जाता आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि त्या संक्रमणात डगमगते. म्हणून मॅच काडतुसं मुद्दाम सावकाश ठेवलेली असतात.

आता रानवाट यांच्या प्रश्नाशी याचा संबंध. १५-२२ काय किंवा १०/२२ काय, दोन्ही साध्या ब्लोबॅकवर चालतात. पुंगळीच्या जोरावरच बोल्ट मागे जातो. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग यांना पुरेसा जोर लागतो, त्यामुळे सावकाश गोळीवर काही रायफली अडखळतात. बोल्ट अ‍ॅक्शनला काहीही घाला, हाताने चालते. म्हणजे बॅरलला आवडणारी गोळी शोधायचं स्वातंत्र्य बोल्टमध्ये जास्त. पाच-सहा प्रकारची काडतुसं आणा, प्रत्येकाचे ५० मीटरवर ग्रुप घ्या, आणि जो आवडला त्याच्या एकाच लॉटची खोकी भरून ठेवा. दोन रायफलींच्या रूपातल्या फरकापेक्षा या एका दिवसाने जास्त फरक पडेल.

चौकट
दारूगोळा, माझी स्टँडर्ड व्हेलॉसिटी बिनतक्रार चालवते. पण सगळ्यांची चालवेलच असं नाही, हेही खरं.

एक सांगायचं राहिलं. मोठ्या एआरमध्ये .२२ चं किट टाकून काम भागवावं असं कुणाच्या मनात असेल तर चालतं, पण अचूकतेची फार अपेक्षा नको. तिथल्या बॅरलचा पीळ (आतल्या खाचांचा) सहसा ७ ते ९ इंचांत एक फेरा असा असतो, .२२ ला साधारण १६ इंचांत एक लागतो. मुळात .२२ साठी बनवलेली रायफलच बरी.

सागरगोटा
कायद्याचं रानवाट यांनी निकालात काढलंय, पण धागा इतरही वाचतील म्हणून. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली, .२२ रिमफायर मात्र वगळली. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर बोल्ट आणि लिव्हरची रिमफायर सर्वात सोप्या वर्गात, सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर बरीच कडक वर्गात. काही ठिकाणी मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा, काही ठिकाणी लष्करी रूपावरसुद्धा. आधी आपला कायदा वाचा, मग अक्रोड आणि चौकट यांचं भांडण वाचा.

अक्रोड
भांडण कुठे, प्रेमाने चाललंय आमचं.

पुंगळी
देखभालीचं कुणीतरी लिहा. मी दर खेपेनंतर बॅरल चकाचक करतो.

दारूगोळा
बॅरल एवढं करू नका. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. काही गोळ्या गेल्या की त्याचा थर बॅरलमध्ये बसतो आणि ग्रुप स्थिर होतो. दर वेळी खरवडून काढलंत तर दर वेळी तो पुन्हा बसेपर्यंत सुरुवातीच्या गोळ्या भरकटतात. ग्रुप बिघडायला लागला की साफ करा. चेंबरच्या तोंडाशी जमणारा कडक थर मात्र वेळच्या वेळी काढायचा.

शांतनेम
बॅरलचं बरोबर, अ‍ॅक्शनचं वेगळं. ब्लोबॅकमध्ये काजळी थेट आत येते. सेमी-ऑटोचा बोल्ट आणि त्याचे मार्ग नियमित पुसावेच लागतात. बोल्ट रायफल फडक्याच्या दोन हातांत आटपते. लाकडी दस्त्याला दमट हवेत मात्र जपावं लागतं. लाकूड फुगलं की स्क्रूंचा ताण बदलतो आणि नेम सरकतो. प्लास्टिकला ती कटकट नाही.

आणि रिकामा ट्रिगर ओढून सराव करायची हौस असेल तर आधी रायफलीची पुस्तिका बघा. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर काही रायफलींत ती चेंबरच्या काठावर आपटून तिथे खड्डा पाडते.

नवाकोरा
बाहेरचे लोक काळी रायफल बघून बिचकतात, हा मुद्दा कुणी धरतच नाही. आमच्या शेजारच्या लेनवर एक कुटुंब आलं होतं, त्यांनी एआरच्या रूपातली रायफल बघून जागाच बदलली. छंदाला नवीन माणसं यायला हवी असतील तर लाकडी रायफल जास्त मित्र जोडते.

चौकट
आमच्याकडे उलट अनुभव. तरुण मुलं तीच हातात घ्यायला मागतात आणि मग हळूहळू सगळंच शिकतात.

रेंजवाली
दोघांचंही खरं असू शकतं. मी मात्र नवशिक्याला पहिल्यांदा बोल्टच देते, रूप कसलंही असो. कारण सांगते. रिमफायरमध्ये न फुटणारी काडतुसं सेंटरफायरपेक्षा जास्त निघतात, कडेतला स्फोटक थर कधी असमान असतो. ट्रिगर ओढला आणि नुसतं 'टक' झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. आणि नेहमीपेक्षा दबका 'फुस्स' आवाज आला तर पुढची गोळी अजिबात नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्टवर दर गोळीनंतर हात आपोआप थांबतो, त्यामुळे हे भान यायला वेळ मिळतो. पाट्या भराभर पाडण्याच्या नादात नवीन माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर : खड्डे पडलेली पाटी वापरू नका, शिशाचे तुकडे मागे येतात. पाटी थोडी खाली झुकलेली हवी. बघणाऱ्यांनीही चष्मे लावायचे. .२२ ची गोळी मैलभराहून पुढे जाते, मागे मातीचा उंच बांध नसेल तर पाणी किंवा कडक जमिनीवरून उसळून कुठेही जाईल. झाडून झाल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवा, बोटांवर शिसं असतं.

नवाकोरा
रेंजवाली ताईंचा हा प्रतिसाद प्रत्येक नव्या सभासदाला वाचायला द्यावा.

शांतनेम
+१.

चौकट यांच्याकडे एक विचारायचं होतं. १५-२२ वर रेड डॉट (लाल ठिपक्याचं नेमयंत्र) कितपत उंच बसतो?

चौकट
नळीच्या मध्यापासून साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. ५० मीटरवर शून्य केलं (नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवलं) तर १० मीटरवर गोळी नेमाच्या साडेतीन-एक सेंटिमीटर खाली लागते. जवळच्या छोट्या टार्गेटवर नवीन माणूस चक्रावतो. खाली बसवलेल्या स्कोपच्या बोल्ट रायफलीत हा फरक कमी. १०० मीटरवर मात्र दोघींनाही गोळी १५ ते २५ सेंटिमीटर खाली येणार, गोळीच्या वेगावर अवलंबून.

आणखी एक, अक्रोड खूश होतील असं : पालथं पडून झाडताना पंचवीसचं मॅगझिन जमिनीला टेकतं. मी दहाचंच लावतो.

अक्रोड
झालो खूश :)

रानवाट
मंडळी, तुमच्या सांगण्यावरून आम्ही दोघं क्लबमध्ये गेलो आणि ओळखीच्या सभासदांकडून दोन्ही रायफली झाडून बघितल्या. बायकोने १५-२२ चा दस्ता दोन खाचा आत घेतला आणि उभ्याने झाडली. मागे झुकणं एकदम बंद. रायफल अडीच किलोच्या आसपास, त्यामुळे हातही भरून आला नाही. मग ४५७ घेतली आणि टेबलावर टेकवून झाडली. दस्ता तिला लांबच पडला, तरी म्हणाली, 'ट्रिगर याचाच हवा.' माझंही तेच मत. मला त्या बोल्टची चाल सोडवत नाही, आणि कागदावर मोजलं तर दोघांचेही लहान ग्रुप त्याच रायफलीवर आले.

म्हणजे बोल्टचं पक्कं झालं, अडलंय ते दस्त्याच्या लांबीवर. अक्रोडाचा दस्ता कापून लहान करायला मन होत नाही.

अक्रोड
कापू नका! कळकळीची विनंती.

शांतनेम
कापायची गरजच नाही. ४५७ मध्येच व्हार्मिंट अ‍ॅट-वन नावाचं मॉडेल आहे. थर चिकटवून केलेला लाकडी दस्ता, बटण दाबून लांबी कमीजास्त होते आणि गालाची उंचीही. ट्रिगर आणि अ‍ॅक्शन तीच. फक्त बॅरल जाड असल्याने रायफल वजनदार आहे. टेबलावर आणि पालथं पडून उत्तम, उभ्याने वहिनींना जड जाईल. त्यांना उभ्याने जास्त झाडायचं असेल तर हलक्या बॅरलची ४५७ घेऊन वेगळा लहान दस्ता बघा. दोन स्क्रू सोडले की दस्ता बदलतो. बदलल्यावर शून्य मात्र पुन्हा तपासायचं.

रेंजवाली
वहिनींना आधी विचारा, उभ्याने की टेबलावर. त्यावरच सगळं ठरतंय.

रानवाट
विचारलं. 'टेबलावर आणि पालथं पडून, उभ्याने तू झाड' असं उत्तर आलं. तर मग अ‍ॅट-वन. चौकट, तुमच्या १५-२२ वर पाट्या पाडायला मात्र आम्ही अधूनमधून येणार. आता स्कोप कुठला घेऊ तेही सांगून टाका.

चौकट
कधीही या, गोळ्या तुमच्या :)

दारूगोळा
कुठलाही घ्या, पण पॅरालॅक्स ५० यार्ड किंवा मीटरला लावलेला किंवा हाताने बदलता येणारा बघून घ्या. सेंटरफायरचे बरेच स्कोप १०० यार्डांना लावलेले असतात. ५० वर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतं. रिमफायरसाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक ५० लाच असतात. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, स्कोपमधून टार्गेट किती पट मोठं दिसायला हवं यावरून तिथे चार दिवस वाद रंगेल.